रुमालाखालचा भाव



मुरबाड तालुक्यातील म्हसे गावी पौषी पौर्णिमेला जी जत्रा भरते आणि जी तिथल्या गुरांच्या बाजारासाठी साऱ्या ठाणे जिल्ह्यात विख्यात आहे, त्या जत्रेस वडिलांचे बोट धरून मी प्रथम गेलो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांनी एक डांगी जोडी मनाशी हेरली होती. बैलांचे दात पाहून झाले, पाय पाहून झाले, आणि मग दलालाने खांद्यावरचा रुमाल काढून वडिलांच्या हातावर टाकला, त्याखाली स्वतःचा हात घातला, आणि तोंडाने अवाक्षरही न काढता केवळ बोटे दाबून आकडा सांगितला. वडिलांनी मान हलवली, पुन्हा बोटे दाबली गेली, पुन्हा मान हलली. आणि मग तोच दलाल, तोच रुमाल घेऊन, चार पावले पलीकडे उभ्या असलेल्या बैलधन्याकडे गेला. सौदा पटला. परतीच्या वाटेवर मी विचारले, ‘‘बाबा, भाव काय ठरला?’’ ते म्हणाले, ‘‘आपण किती दिले ते आपल्याला ठाऊक, त्याच्या हाती किती पडले ते रुमालाला ठाऊक.’’

पुढे नियंत्रित बाजारपेठा आल्या, १९६३ चा कृषी उत्पन्न बाजारविषयक कायदा झाला, आणि शेतमालापुरता का होईना, पण चारचौघांत बोलला जाणारा उघड लिलाव हा आपल्याकडे नियम ठरला. त्या रुमालाची गाठ पुन्हा कधी पडेल असे मला वाटले नव्हते. परंतु गतवर्षी आमच्या सात माणसांच्या कुटुंबासाठी सात आसनांची मोटार घ्यावयाची ठरल्यावर, पालघर, बोईसर आणि वसई येथील काचेच्या भिंतींच्या थंडगार दालनांतून जेव्हा मी महिनाभर हिंडलो, तेव्हा तो रुमाल मला जागोजागी दिसू लागला. फरक इतकाच की तो आता कापडाचा नसून छापील कागदाचा होता, आणि त्याला ‘कोटेशन’ असे नाव होते.

ही मोटार आम्हांस हौसेखातर नको होती, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आमच्या या पट्ट्यात, पालघरपासून बोईसर-तारापूर-चिंचणीपर्यंत, जड आजारी माणसाला वापी, सिल्वासा किंवा मुंबई गाठावी लागते. आणि रुग्णाबरोबर दोघे-तिघे तरी निघतातच. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जायचे तर म्हातारी आई, दोन्ही सुना आणि नातवंडे यांना वगळून जाता येत नाही. १९८४ साली मारुतीची व्हॅन बाजारात आली, जिला पुढे ‘ओम्नी’ म्हणू लागले, तेव्हापासून सरकत्या दाराच्या त्या चौकोनी गाडीने शाळेची मुले, मासळीच्या पाट्या, वऱ्हाडी आणि रुग्ण यांची जी वाहतूक आमच्या भागात केली, तिचा इतिहास कोणी लिहिला तर तो मी आदराने वाचीन. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे ते इवलेसे इंजिन! २०१९ मध्ये तिची बनावट थांबली. तिच्या जागी इको, अर्टिगा, ट्रायबर अशा गाड्या आल्या; आणि त्यांच्याबरोबर किमतीचा प्रश्नही मोठा झाला.

आता त्या कागदाकडे वळतो. पहिल्या दालनात एका तरुणाने मोठ्या अगत्याने चहा दिला, ‘‘काका, तुमच्यासाठी खास पंचवीस हजारांची सूट काढतो,’’ असे सांगितले, आणि एका चिठ्ठीवर ‘ऑन रोड’ या दोन शब्दांपुढे एकच आकडा लिहून ती माझ्यापुढे सरकवली. मी तपशील मागितला. तो मिळावयास तीन खेपा लागल्या. मिळाला तेव्हा असे दिसले की, हाताळणीचा आकार म्हणून ९,५०० रुपये, न मागितलेल्या ॲक्सेसरीजचे २४,००० रुपये, आणि विम्याचा हप्ता असा की, गाडीचे विमित मूल्य व संरक्षणाच्या अटी तंतोतंत तशाच ठेवून बाहेरच्या विमा कंपनीने मला जो दिला त्याहून १५,५०० रुपयांनी अधिक. म्हणजे पंचवीस हजार ज्या हाताने दिले जात होते, त्याच हाताने रुमालाखालून एकोणपन्नास हजार घेतले जात होते. आणि सूट मिळाल्याच्या आनंदात मी बुकिंगची रक्कम भरून घरी आलो असतो तर ते मला जन्मात कळले नसते.

यातली प्रत्येक बाब निराळ्या जातीची आहे, आणि ती तशी निराळी पाहिल्याखेरीज घासाघीस करण्यात अर्थ नाही, असे माझे मत बनले आहे. रस्ताकर शासनाचा, तिथे विक्रेत्याशी वाद घालणे व्यर्थ. महाराष्ट्रात खाजगी मालकीच्या पेट्रोल मोटारीस दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के. डिझेलवर त्याहून अधिक, सीएनजीवर त्याहून कमी. दहा लाखांची वेस ओलांडली की आणखी एक टक्का आयकर विक्रेता तिथेच वसूल करून सरकारजमा करतो. तो मात्र आपल्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, आणि ही गोष्ट पुष्कळांना कोणी सांगत नाही. विम्यापैकी तृतीय पक्षाचा भाग तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून तसे बंधन आले. आणि त्याचा दर सरकारने ठरवलेला असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या नव्या मोटारीस तो १०,६४० रुपये होता. म्हणजे सबंध देशात जो आकडा एकच, त्यात विक्रेत्याला करण्यासारखे काहीच नाही. उरतो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. तो कोणाकडून घ्यावा हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी ग्राहकाचा आहे. ‘विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल’ असे मला दोन ठिकाणी सांगण्यात आले. ‘तसे लेखी द्या’ एवढेच मी म्हणालो, आणि दोन्ही ठिकाणी ते कलम शांतपणे गळून पडले.

हाताळणीच्या आकाराचेही तेच. गाडी कारखान्यातून गोदामात आणि गोदामातून दालनात आणण्याचा खर्च शोरूमच्या किमतीत धरलेला नसेल तर ती किंमत कशाची, हा माझा साधा प्रश्न होता. कोणत्या नियमान्वये ही रक्कम घेता, ते पावतीवर नमूद करावे, अशी मी विनंती केली. पावतीवर नमूद करण्याऐवजी ती रक्कमच त्यांनी खोडून टाकली.

मग मनात आले, वापी जवळच आहे. बोईसरहून सकाळच्या गाडीने निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परततो, आणि गुजरातेत मोटारीवरचा कर महाराष्ट्रापेक्षा बराच कमी. आमच्या सीमाभागातील कित्येकांना हा मोह पडतो. मलाही पडला, हे मी लपवीत नाही. परंतु नोंदणी होते ती मालकाच्या राहत्या पत्त्यावर. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ आपल्या राज्यात ठेवली तर इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर इथला करही येतो. ज्याला पालघर जिल्ह्यातच राहायचे आहे त्याने वसईच्या परिवहन कार्यालयाचा एम.एच. ४८ हाच क्रमांक प्रामाणिकपणे घ्यावा. ज्या मनोर-पालघर रस्त्यासाठी आपण शासनाकडे गाऱ्हाणी मांडतो, त्याच्या डागडुजीचा पैसा कुठून तरी यावयास हवाच ना?

वापीच्या त्या फेरीचा लाभ मात्र एक झाला. तिथल्या एका वयस्क गृहस्थाने, मी गाडी घेणार नाही हे कळल्यावरही, मला जवळ बसवून सांगितले की भाव विचारण्यापूर्वी गाडीचा जन्म विचारावा. चासी नंबरात बनावटीचे वर्ष आणि महिना सांकेतिक अक्षरांनी गुंफलेला असतो, आणि विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे नमुना २१ वर, तो स्पष्ट लिहावा लागतो. मार्चमध्ये बनलेली आणि गोदामात सात महिने पाऊस पाहिलेली गाडी, आणि गेल्याच पंधरवड्यात आलेली गाडी, या दोहोंचा भाव एक असण्याचे कारण नाही. वर्ष संपता संपता विक्रेत्यास जुन्या सालाचा माल हलवण्याची घाई असते. त्या वेळी सूट मोठी मिळते हे खरे, पण पुढे विकताना गाडी एक वर्षाने म्हातारी धरली जाते हेही खरे. ज्याला ती दहा-बारा वर्षे बाळगायची आहे त्याने डिसेंबर गाठावा. ज्याला चार वर्षांत विकायची आहे त्याने गाठू नये. आणि दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या आदल्या दिवशी भाव करायला कोणीच जाऊ नये, कारण त्या दिवशी मुहूर्त आपला वैरी असतो.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर पालटले, आणि चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर १८ टक्के, तर त्याहून मोठीवर ४० टक्के असे दोन वर्ग झाले. त्यामुळे सात आसनांच्या दोन गाड्यांपैकी एक पहिल्या वर्गात आणि दुसरी, हातभर लांब म्हणून, दुसऱ्या वर्गात, अशी स्थिती आहे. आईच्या गुडघ्यांना मागच्या बाजूस किती जागा लागते हे टेप घेऊन मोजल्यावरच आम्ही कोणत्या वर्गात जायचे ते ठरवले.

कर्जाबद्दल थोडक्यात सांगतो. धाकटा भाऊ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. हप्ता त्याच्या पगारातून जाणार होता. दालनातील माणूस सतत ‘महिना किती झेपेल?’ एवढेच विचारी. नऊ टक्के व्याजाने आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये. सात वर्षांत फेडायचे तर सुमारे १२,८७०. ऐकायला दुसरा आकडा किती सुखद! पण एकूण फेडीत जवळजवळ ८५,००० रुपयांची भर पडते, आणि गाडीच्या किमतीत झगडून वाचवलेले सारे तिथे बुडते.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ती सांगितली पाहिजे. सातपाटीच्या बाजारात पापलेटाची एक जोडी घेताना आमच्या वहिनी कोळणीशी जी हुज्जत घालतात, ती ऐकायला चार माणसे थबकतात. ‘‘अगं, भवानीची वेळ आहे, असा भाव सांगतेस?’’ असे म्हणत त्या दोन पावले पुढे जातात, मागून हाक येते, पुन्हा परततात, आणि अखेर दोघीही समाधानाने हसतात. जमिनीचा व्यवहार असला तर आम्ही सातबाऱ्यावरचा शब्दन् शब्द वाचतो, चतुःसीमा पायांनी चालून पाहतो, फेरफाराची तारीख तपासतो. तीच आम्ही माणसे, आयुष्याची दुसऱ्या क्रमांकाची मोठी रक्कम मोजताना, गुळगुळीत फरशीवर आणि थंड हवेत, एकाएकी अबोल होतो. शेजारच्या टेबलावरचा कोणी ऐकेल, आपली ऐपत काढली जाईल, गाडीला हार घालण्याच्या मंगल प्रसंगी पैशाची घासाघीस करणे अप्रशस्त दिसेल, या संकोचाने जीभ टाळ्याला चिकटते. वाड्या-पाड्यांतून प्रथमच मोटार घ्यायला आलेली वारली, कोकणा कुटुंबे मी त्या दालनांतून पाहिली. खुर्चीच्या कडेवर बसलेली, समोरचा बोट ठेवील तिथे सही करणारी. त्यांच्या संकोचाची किंमत माझ्याहून कितीतरी अधिक वसूल होत असणार, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. सातपाटीच्या कोळणीची टोपली उघडी असते, मासळी उघडी असते, भावही उघडा असतो. म्हणून तिथे भांडण गोड होते. इथे भांडायला काही दिसतच नाही.

आणि तो चहा देणारा तरुण? तो माझा शत्रू नव्हे. बोईसरच्याच एका चाळीत राहणारा, पदवी घेऊन दोन वर्षे नोकरी शोधलेला मुलगा तो. पगार तुटपुंजा, आणि विमा किती खपवला, सीट कव्हर किती विकले, यावर वरची कमाई अवलंबून. दलालाला निदान आपला रुमाल आपण झटकता येत होता. या मुलाच्या हातावरचा रुमाल दुसऱ्याने बांधलेला आहे. मी त्याच्यावर एकदाही आवाज चढवला नाही, आणि गाडी अखेर त्याच्याचकडून घेतली. विमा बाहेरून घेतल्याबद्दल सूट दहा हजारांनी कमी केली गेली. हाताळणीचा आकार गेला. ॲक्सेसरीजपैकी पायपुसणी आणि चिखलरोधक एवढेच ४,२०० रुपयांचे जिन्नस ठेवले. सगळी वजाबाकी जमेस धरता ३४,८०० रुपये वाचले. निघताना तो हळूच म्हणाला, ‘‘काका, असा बाबवार कागद सगळ्यांनी मागितला तर आम्हांलाही बरं पडेल.’’

तो कागद घरी आल्यावर मी स्वच्छ अक्षरांत पुन्हा उतरवून काढला. एका बाजूस ज्या रकमा शासनाच्या व अढळ आहेत त्या, दुसऱ्या बाजूस ज्यांवर बोलता येते त्या. खाली बनावटीचा महिना, विमित मूल्य आणि कर्जाची एकूण फेड यांसाठी कोऱ्या जागा. पहिल्यांदा तो शेजारच्या मास्तरांनी नेला, त्यांच्याकडून तो बोईसरला गेला, तिथून चिंचणीच्या एका मासळी व्यापाऱ्याकडे. आज तो माझ्यापाशी नाही. विक्रमगडच्या एका पाड्यातील दोघे भाऊ शाळेच्या मुलांसाठी इको घेणार आहेत, त्यांनी तो परवा नेला. गुरुवारी ते वसईला जाणार आहेत.