समुद्रसफर निवडताना

जळगाव जिल्ह्यातल्या भडगावजवळून वाहणारी गिरणा नदी तापीला मिळते आणि तिचं पाणी अरबी समुद्रात पोचतं. त्याच समुद्रावरून देशाचा पश्चिम किनारा पाहायचा असेल, तर भडगावजवळच्या कजगाव किंवा चाळीसगावहून रेल्वेने मुंबई गाठा. पूर्वी मुंबईहून कोकणबोट रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जाई. आता मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे पर्यटक जहाजं निघतात.

किनारा मात्र सगळीकडे सारखा नाही. कोकणात जांभ्याचे कडे आणि खाड्या, केरळात बॅकवॉटर, लक्षद्वीपला प्रवाळाची बेटं. म्हणून आधी काय पाहायचं ते ठरवा, मग जहाज निवडा.

जहाज प्रत्येक बंदरात किती तास थांबतं, ते विचारा. दोनच तास असतील, तर गाव पाहून होत नाही. तिकिटात जेवण, कर, बंदरशुल्क धरलंय का, तेही तपासा. जहाज मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर कमी हलतं. मळमळ होत असेल तर तिथली केबिन घ्या. पावसाळ्यात समुद्र खवळतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ओळखपत्र सोबत ठेवा आणि घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून न्या.