धातूच्या चिमुकल्या शिपायांचे सांधे

दिवाळींत महाराष्ट्रांतील मुलें अंगणांत किल्ला करतात व त्यावर मातीचे मावळे उभे करतात. एखाद्या मावळ्याचा हात मोडला तर त्याचें दुःख फार दिवस टिकत नाहीं. पुढील वर्षीं बाजारांतून नवा मावळा येतो. युरोपांतील मुलांच्या खेळांत ही जागा धातूच्या शिपायांची होती, आणि ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे वारशानें जात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें कथिलाचे चपटे शिपाई ओतले जाऊं लागले. १८९३ सालीं लंडनच्या ब्रिटन कुटुंबाच्या कारखान्यानें शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढली. धातु कमी लागूं लागल्यामुळें ते स्वस्त झाले व साध्या घरांतूनही त्यांचीं पथकें दिसूं लागलीं. कादंबरीकार एच्. जी. वेल्स ह्यांनीं तर अशा शिपायांच्या लुटुपुटीच्या लढायांचे नियम सांगणारें ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तकच १९१३ सालीं प्रसिद्ध केलें. आज हा छंद प्रौढांचाही झाला असून इंग्लंडांतील नॉटिंगहॅम हें शहर त्याचें एक मोठें केंद्र आहे.

हल्लींच्या मूर्ति बहुधा सुट्या भागांत मिळतात. पसरलेला हात, उगारलेली तरवार, घोड्याचें शेपूट हें सर्व एकाच साच्यांतून अखंड सुटून येणें कठीण. म्हणून भाग निराळे ओततात आणि ते जोडण्याचें काम घेणाऱ्याकडे सोंपवितात. खरी अडचण येथेंच सुरू होते.

समजा, एका घरांत आजोबांच्या वेळचा एक घोडेस्वार आहे. त्याचा उजवा हात पुढें पसरलेला असून त्यांत लांब भाला आहे. नातवाच्या हातून तो खालीं पडतो आणि हात खांद्यापासून निखळतो. वडील मंडळी झटपट चिकटविणाऱ्या द्रवाची नळी आणतात, एक थेंब टाकतात व हात बसवितात. आठ दिवसांनीं हात पुन्हां गळतो. दुसऱ्या वेळीं दोन थेंब पडतात, तिसऱ्या वेळीं चार. शेवटीं खांद्यावर पांढरट गांठ जमते, हात कांहीं टिकत नाहीं, आणि स्वाराची रवानगी कपाटाच्या तळाशीं होते. दोष बिचाऱ्या नळीला दिला जातो.

वस्तुतः दोष निराळाच असतो. लांकूड किंवा कागद चिकट द्रव्य थोडेंबहुत शोषून घेतो. धातु तें मुळींच शोषीत नाहीं. शिवाय खांद्याचा सांधा जेमतेम मसुरीच्या डाळीएवढा, आणि त्यावर भार धातूच्या हाताचा व भाल्याचा. भाल्याच्या टोंकाला बोट लागलें कीं तो हात तरफेसारखा वागतो व लहानसा धक्का सांध्यापाशीं अनेक पटींनीं मोठा होतो.

म्हणून प्रथम द्रव्याची निवड पाहिली पाहिजे. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक आंतील पाणी निघून गेल्यावर वाळतो; धातूच्या दोन तोंडांत कोंडलेल्या पाण्याला वाट मिळत नाहीं. प्लास्टिकच्या खेळण्यांसाठीं मिळणारें सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधतें. धातूपुढें तें निरुपयोगी ठरतें. उरतात दोन द्रव्यें. पहिलें सायनोॲक्रिलेट, म्हणजे सुपरग्लू. १९४२ सालीं अमेरिकेंत कोडॅक कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमयंत्रासाठीं पारदर्शक प्लास्टिक शोधीत असतां हें द्रव्य हातीं आलें. पण तें सर्वत्र चिकटून बसे, म्हणून टाकून दिलें गेलें. १९५१ सालीं त्याचा गुण ध्यानांत आला व १९५८ सालीं तें विक्रीस आलें. पृष्ठभागावरील सूक्ष्म ओलाव्यानें तें आवळतें. थर जितका पातळ तितका जोड बळकट. जाड थर सावकाश आवळतो आणि पोकळी भरून काढण्यास तो कुचकामाचा. म्हणूनच चार थेंबांचा जोड एका थेंबाच्या जोडाहून दुबळा ठरला. ओढ सोसण्यास हें द्रव्य चांगलें. परंतु तें ठिसूळ असल्यामुळें धक्का सोसत नाहीं. दुसरें द्रव्य इपॉक्सी, म्हणजे ॲराल्डाइटच्या जातीचें. त्याचे दोन भाग सांगितलेल्या प्रमाणांत नीट कालवावे लागतात. तें पोकळी भरून काढतें व धक्काही अधिक सोसतें. पांच मिनिटांत आवळणाऱ्या प्रकारापेक्षां सावकाश आवळणारा प्रकार सामान्यतः अधिक बळकट असतो. मात्र त्याला एक दिवस हात लावूं नये.

द्रव्य कोणतेंही घेतलें तरी यश पूर्वतयारींत आहे. नव्या मूर्तीवर साच्यांतील भुकटी व हातांचें तेल असतें. ती कोंबट साबणाच्या पाण्यांत जुन्या दांतांच्या ब्रशानें धुवून पूर्ण वाळवावी. जुन्या मूर्तीवरील आधींच्या द्रव्याचा कणही राहूं देऊं नये, कारण नवें द्रव्य त्या कवचाला चिकटेल आणि कवच धातूपासून सुटेल. ॲसिटोननें सुपरग्लू मऊ पडतो. पण त्यानें रंगही जातो, म्हणून रंगीत मूर्तीवर चाकूच्या टोंकानें धीरानें खरवडणें बरें. नंतर दोन्ही तोंडें बारीक कानशीनें सपाट करावीं, त्यांवर आडव्या-उभ्या रेघा ओढाव्या आणि द्रव्य न लावतां हात बसवून पाहावा. उजेडाकडे धरल्यावर फट दिसली तर पुन्हां कानस घ्यावी.

एवढें करूनही भाल्यासारखा लांब भाग असेल तर आंत खुंटी हवी. सुतार दोन फळ्या नुसत्या सरसावर सोडीत नाहीं. तो त्यांत लांकडी खुंटी ठोकतो. तोच न्याय येथें लागू आहे. हातानें फिरवावयाच्या बारीक गिरमिटानें खांद्यांत सुमारें १ मिलिमीटर रुंदीचें व ३-४ मिलिमीटर खोल भोंक पाडावें. भोंकाच्या तोंडाशीं ओल्या रंगाचा ठिपका लावून हात त्यावर टेंकवावा. ठिपका जेथें उमटेल तेथेंच समोरचें भोंक पाडावयाचें. पितळेच्या तारेचा किंवा कागदाच्या टांचणीचा तुकडा दोहोंत बसेल असा कापावा. मग इपॉक्सी लावून सर्व एकत्र दाबावें व आधार देऊन ठेवावें. आतां भार तार सोसते. द्रव्याला फक्त तिला जागेवर धरून ठेवावयाचें असतें.

सावधगिरीचेही दोन शब्द आवश्यक आहेत. ब्रिटनच्या कारखान्यानें १९६६ सालीं शिशाचे पोकळ शिपाई ओतणें थांबविलें; त्यापूर्वींच्या मूर्तींत शिसें असणारच असें धरून चालावें. त्यांवर कानस चालवितांना खालीं ओला कागद पसरावा, भुकटी फुंकूं नये, काम झाल्यावर हात धुवावे आणि लहान मुलांस जवळ बसवूं नये. अशा मूर्ति ओकच्या लांकडी पेटींत बंद ठेवूं नयेत. त्या लांकडांतून निघणाऱ्या आम्ल वाफेनें शिशावर पांढरी भुकटी धरते व मूर्ति आंतून पोखरली जाते. सुपरग्लू सुती कापडावर वा कापसावर सांडल्यास एकदम तापून चटका बसतो. बोटें चिकटलीं तर तीं ओढूं नयेत. कोंबट साबणाच्या पाण्यांत धरून हलकेच सोडवावीं.

कपाटाच्या तळाशीं गेलेला तो स्वार अशा रीतीनें पुन्हां उभा करतां येईल. साफसफाईला एक संध्याकाळ, भोंकें व खुंटी ह्यांना दुसरी, आणि मग एक पूर्ण दिवस नुसता धीर. दुरुस्तींत लावलेली तार कोणाच्याही दृष्टीस पडणार नाहीं. मात्र नातवानें भाला धरून स्वार उचलला तरी हात खांद्यावरच राहील, आणि आजोबांचा घोडेस्वार त्याच्या मुलांच्याही हातीं जाईल.