प्रश्न वॉर्डातून यावा



अधिवेशनाच्या अध्यक्षाने परिचर्या व्यवसायाच्या उज्ज्वल भवितव्यावर बोलावं, असा प्रघात आहे. ते काम उद्घाटकांनी उत्तम केलं. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाबद्दलच बोलणार आहे.

भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि चार वर्षांची आठ सत्रं झाली. सहाव्या सत्रात व्यवस्थापन आणि नेतृत्व येतं, प्रसूती परिचर्येला सुरुवात होते. सातव्यात तीच प्रसूती परिचर्या पुढे जाते, जोडीला सामुदायिक आरोग्य आणि संशोधन व संख्याशास्त्र. आठवं सत्र म्हणजे 22 आठवड्यांची इंटर्नशिप. कागदावर ही रचना चांगली आहे. पण हे विषय मुलींच्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत राहतात. लेबर रूममधल्या मुलीला आपण संशोधनाच्या तासाला शिकलेलं काही वापरतोय असं वाटत नाही, आणि संशोधनाच्या तासाला तिला लेबर रूम आठवत नाही.

पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय याचा आलेख, घ्या. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, बाळाचं डोकं किती खाली आलं, दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके किती, कळा किती आणि किती वेळ टिकणाऱ्या, हे सगळं एका कागदावर. रेघ डावीकडून उजवीकडे सरकते आणि ती रेंगाळली की बाईला वरच्या रुग्णालयात पाठवायचं की थांबायचं, हे ठरवता येतं. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची 10 युनिट्स स्नायूत द्यायची, ही वेळही विद्यार्थिनीला तोंडपाठ असते. आता खरं बोलूया. हा पार्टोग्राफ कितीदा बाळंतपण उरकल्यावर एका बैठकीत भरला जातो, हे या सभागृहात कोणाला ठाऊक नाही? निर्णयासाठी केलेला कागद आपण सहीसाठी वापरतो. मुलगी ते बघते आणि शिकते. आपण शिकवलेलं नसतं, तरी शिकते.

व्यवस्थापनाचंही तेच. ड्युटी रोस्टर करायला आपण देतो तेव्हा शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि रजेसाठी तीस टक्के राखीव, असं गृहीत धरून ती सुरेख तक्ता करते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाते तेव्हा हिशेब कुठेच जुळत नाही. तिथून एक उत्तम प्रश्न निघू शकला असता: रात्रपाळीला माणसं कमी असली की औषधाची वेळ किती पुढे ढकलली जाते? नोंदी फाईलमध्येच असतात. कोणी मोजत नाही.

आणि मग येतो संशोधन प्रकल्प. गेली कित्येक वर्षं मी परीक्षक म्हणून हे प्रकल्प बघते आहे. अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. आधी प्रश्नावली, मग फ्लिपचार्ट, मग पुन्हा तीच प्रश्नावली. टी-टेस्ट लावली की ज्ञान वाढल्याचं सिद्ध होतं. शिकवल्यावर काहीतरी कळतं, हे सिद्ध करायला संख्याशास्त्र कशाला लागतं? स्तनपानाबद्दल शिकवलेल्या बाईने बाळंत झाल्यावर बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजलं का, हे बघायला कोणी गेलेलं नसतं.

दर 12 मे ला आपण नाइटिंगेलबाईंचा दिवा लावतो. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी 1858 मध्ये आकृत्या काढून दाखवलं, त्या आकृत्या मात्र आपण भिंतीवर लावत नाही.

इतक्या लांब जायलाही नको. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवत होते. फुफ्फुसात पाणी भरून माणसं का दगावतात, हे त्या नोंदींतून उलगडत गेलं, आणि पुढे प्राझोसिन या औषधाने मृत्यू कमी झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. मोजणी चुकू नये म्हणून मण्यांचं साधन दिलं. मिनिटाला साठ किंवा जास्त म्हणजे धोका. 39 गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घसरल्याचं त्यांनी 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. आज आशाताई प्रसूतीनंतर 42 दिवसांपर्यंत घरी जाऊन बाळ बघते, त्या भेटींच्या मागे हे काम आहे. आपले विद्यार्थी सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगला तिच्याबरोबर फिरतात.

ही दोन्ही उदाहरणं डॉक्टरांची आहेत, आणि हे मला टोचतं. रुग्णाजवळ बसून राहणं आणि दर थोड्या वेळाने लिहीत राहणं, हे तर आपलं काम. आपण तो कागद भरतो आणि फाईलमध्ये लावून देतो. डॉक्टरांकडे वेळ जास्त होता असं नाही. त्यांना स्वतःचा प्रश्न होता.

म्हणून या अधिवेशनात मी एवढंच मागते आहे. सातव्या सत्रात विषय मंजूर करताना मार्गदर्शकाने विद्यार्थ्यांना लायब्ररीतले जुने प्रबंध उघडू देऊ नयेत. आधी त्यांना दोन आठवडे एका वॉर्डाच्या नोंदी वाचू द्याव्यात: सलाईनची जागा सुजून ती किती वेळा काढावी लागली, कूस बदलल्याची नोंद आणि पाठीवरची जखम यांचा मेळ बसतो का, रेफर केलेली बाई किती वाजता निघाली आणि किती वाजता पोहोचली. नमुना लहान असेल. निष्कर्ष ठाम निघणार नाही. टी-टेस्ट लावायला जागाही उरणार नाही कदाचित. चालेल. इंटर्नशिपच्या 22 आठवड्यांत त्याच वॉर्डात परत जाऊन काही बदललं का, हे बघायची संधी तिला असते. आज ते आठवडे रिकाम्या जागा भरून काढण्यात जातात, आणि प्राचार्य म्हणून आपण त्याला संमती देतो.

जेवणानंतर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची सादरीकरणं आहेत. परीक्षकांना माझी विनंती आहे की नमुन्याची संख्या विचारण्याआधी प्रत्येकाला एक विचारावं: हा प्रश्न तुला कुठल्या वॉर्डात, कुठल्या रुग्णाजवळ सुचला? आणि विद्यार्थ्यांनो, याचं उत्तर नसेल तर तसं सरळ सांगा. त्यासाठी कोणाचे गुण कापायचे नाहीत, हे मी परीक्षकांशी आधीच बोलून ठेवलं आहे. कापायचेच झाले तर मार्गदर्शकांचे कापावेत.