चित्र कळायला काय लागते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला आपल्या मुंबईच्या सहलीविषयी बोलायचे आहे. खरे म्हणजे एक कबुली द्यायची आहे.

सोमाटण्याहून पहाटे निघून आपण महालक्ष्मीचे दर्शन घेतले आणि दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. तेथे युरोपीय चित्रांच्या दालनात माझी पुतणी एका गोऱ्या बाईच्या चित्रापुढे थबकली. म्हणाली, "काकू, जवळून नुसते पांढरे फटकारे दिसतात, आणि मागे सरलं की क्रोशाची जाळी!" मी म्हटले, "साहेबांची चित्रं ती. आपल्याला त्यातलं काय कळतंय? चल, उशीर होतोय." आणि हात धरून तिला बाहेर आणले. परतीच्या वाटेवर पोर गप्पच होती. ते माझ्या मनाला लागून राहिले.

मग मी त्या जागेची माहिती मिळवली. इमारत १९१४ साली उभी राहिली, पण महायुद्धामुळे आधी तेथे जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. १० जानेवारी १९२२ रोजी लेडी लॉईड यांच्या हस्ते संग्रहालय खुले झाले. युरोपीय चित्रांतली बरीचशी सर रतन टाटा आणि त्यांचे वडील बंधू सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली. पहिला संग्रह १९२१ साली, दुसरा १९३३ साली, दोघांच्याही निधनानंतर संग्रहालयाला मिळाला. दोराबजींच्या पत्नी मेहरबाई म्हणजे १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यासाठी झटलेल्या बाई. अशा घरांतली ही चित्रे! ती दिवाणखान्यातच राहिली असती, तर तुम्हाआम्हाला कधी दिसली असती का?

देणाऱ्यांनी दिले. आपण मात्र "कळत नाही" म्हणून पाठ फिरवतो. पण भगिनींनो, रांगोळी काढताना आपणही मधूनच उठून लांबून बघतोच की! रंग कुठे फिका पडला, रेघ कुठे चुकली, ते आपल्याला बरोबर दिसते. तीच नजर तेथे पुरते. माझ्या पुतणीने ती वापरली. मी वापरू दिली नाही, एवढेच.

म्हणून माझी सूचना आहे. पुढच्या सहलीत संग्रहालय सकाळी ठेवावे, घाईच्या वेळी नको. त्या दालनाला निदान एक तास द्यावा. मुलींना सोबत न्यावे आणि त्या जेथे थांबतील तेथे आपणही थांबावे. पुतणीला मी तसा शब्द दिला आहे. मंडळाने तो पाळायला मला मदत करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.