ओली बाजू वर ठेवा



अमेरिकेतला एक खटला सांगतो. हवेतला दमटपणा शोषणारी, ग्री या चिनी कंपनीची यंत्रं तिथे घरोघरी विकली गेली. ती तापून पेट घेतात, हे ती आयात करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या अधिकाऱ्यांना २०१२ मध्येच कळलं होतं. असा दोष सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाला ताबडतोब कळवणं तिथे बंधनकारक आहे. त्यांनी काही महिने ते दडवलं. २०१३ मध्ये सुमारे २२ लाख यंत्रं परत मागवावी लागली. २०२१ मध्ये ग्रीने ९.१ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं आणि २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने दोन अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. यंत्रं त्यांनी बनवली नव्हती. गुन्हा होता तो गप्प बसण्याचा.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो: उत्पादक कोण हेच कळत नसेल, किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचत नसेल, तर भरपाईचा दावा विक्रेत्यावर येऊ शकतो. आपल्यातल्या अनेकांची मोबाइलची, खेळण्यांची दुकानं आहेत. त्यांनी आयातदाराचं पक्कं बिल जपून ठेवावं, आयएसआय खूण नसलेली खेळणी विकू नयेत. ग्राहकांनी १९१५ वर तक्रार करावी.

पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, असं त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं. चार्जर विकतानाही प्रश्न तोच आहे.