गाडीचं जंपिंग आणि आईची पाठ
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

१९९६ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल." मी तशी तयारीही केली होती. पण सकाळी नाश्त्याच्या वेळी जो भेटला तो आपल्या गाडीबद्दलच बोलत होता. कुणाची गाडी वडखळच्या पुढे खाली आपटली, कुणाच्या बायकोची कंबर धरली, कुणी म्हणालं, परत जाताना ट्रेननेच जावं. तेव्हा ठरवलं, विषय बदलायचा. मी आज गाडीच्या सस्पेन्शनवर बोलणार आहे. गॅरेजच्या भाषेत, जंपिंगवर.

मला हा अधिकार कोणी दिला, असं तुम्ही विचाराल. लोणेऱ्याच्या विद्यापीठातून २००२ साली मी मेकॅनिकलची पदवी घेतली. त्या वेळी आपल्यातल्या अनेकांनी केलं तेच मीही केलं, सॉफ्टवेअरमध्ये गेले, आणि स्प्रिंग, ऑइल, बेअरिंग यांच्याशी संबंध सुटला. पण पदवीची ऐट सुटली नव्हती. पुढची गोष्ट त्या ऐटीची आहे.

आम्ही पनवेलजवळ करंजाड्यात राहतो. सिडकोच्या आखणीतले रस्ते, बांधकामाची वाळू-खडी वाहणारी वाहनं, आणि प्रत्येक सोसायटीने आपापल्या हौसेने घातलेला स्पीडब्रेकर. आमच्याही गेटवर एक होता. आमची गाडी छोटी हॅचबॅक, नऊ वर्षांची. आम्ही तिघं, गावाहून आणलेली तांदळाची गोणी आणि दोन बॅगा असल्या की त्या स्पीडब्रेकरवर ती पोटाने घासायची. तो आवाज मला सहन होईना.

मी दोन रात्री जागून माहिती वाचली आणि स्वतःच निदान केलं : स्प्रिंग मऊ पडल्या आहेत, कडक टाकू. मूळपेक्षा साधारण ३० टक्के कडक स्प्रिंग मागवल्या. मागच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवले. चाकंही एक इंच मोठी घेतली, त्यामुळे टायरची उभी बाजू पातळ झाली. एका गॅरेजमध्ये नेऊन सांगितलं, एवढं बसवून द्या. त्यांनी मी सांगितलं तेवढंच केलं. चूक त्यांची नव्हती.

गाडी पुणे एक्सप्रेसवेवर नेली. काय सांगू तुम्हाला! वळणावर कलत नव्हती, गेटवर घासत नव्हती. नवरा म्हणाला, "जरा कडक वाटते." मी म्हटलं, "सवय होईल."

त्यानंतर पंधरा दिवसांनी आईला आणायला गावी आले.

माझ्या आईला तुमच्यातले बरेच जण ओळखता. तिची हाडं ठिसूळ झाली आहेत आणि आदल्या वर्षी पाठीचा एक मणका दबला होता. तपासणीसाठी तिला करंजाड्याला न्यायचं होतं. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. तो कसा आहे, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. त्याचा नंबर १७ चा ६६ झाला, पण आपली हाडं त्याला जुन्याच नावाने ओळखतात. तिला ऐसपैस वाटावं म्हणून मी मागच्या सीटवर बसवलं. कोलाडला तिने पिशवीतली गोधडी काढली आणि घडी करून अंगाखाली घेतली. नागोठण्याला आरशात पाहिलं, तर दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून अर्धवट उचलून बसली होती. मी विचारलं, "आई, लागतंय का गं?" म्हणाली, "नाही गं, रस्ताच तसा आहे."

घरी पोचल्यावर तिला गाडीतून उतरता येईना. नवऱ्याने आणि मी धरून वर नेलं. पुढचे दोन दिवस ती कुशीवर वळली नाही. तपासणीत नवीन मणका दबलेला नव्हता, हे आमचं नशीब. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "कशातून आणलंत यांना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण देता आलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये एक मोठा गुन्हा असतो : वापरणाऱ्याला न विचारता अपग्रेड करणं. ऑफिसात मी नव्या मुलांना त्यावर व्याख्यान देते. आणि घरी मी तेच केलं होतं. गाडी चालवणारी मी, म्हणून पसंतीही माझीच. मागच्या सीटवर बसणारी कधी तक्रार करत नाही, तिचा विचारच नाही.

मग मी आपल्याच वर्गातल्या एकाला फोन केला. तो इथे बसला आहे, नाव घेऊ नको म्हणालाय. पनवेलला त्याचं गॅरेज आहे. त्याने गाडी गल्लीतून एकदा फिरवून आणली. मग चारही कोपरे हातांनी दाबून सोडले. मागचा कोपरा वर आला, खाली गेला, परत वर आला. तो म्हणाला, "स्प्रिंगा बदलल्यास, आणि शॉकअप जुनेच ठेवलेस? नववीत सरांनी बादली आणली होती, ती विसरलीस का?"

बादली! मित्रांनो, तुम्हाला आठवते का ती? आपल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी स्टँडला स्प्रिंग टांगली, तिला वजन लावलं आणि ओढून सोडलं. वजन कितीतरी वेळ वरखाली करत राहिलं. मग सरांनी खाली पाण्याने भरलेली बादली सरकवली. तेच वजन पाण्यात बुडालं आणि चार-पाच हेलकाव्यांत शांत झालं. आपण हसलो होतो, कारण सरांची बाही भिजली होती. मला बाही आठवत होती, बादली नाही. त्याला बादली आठवत होती.

गाडीत नेमकं हेच असतं. स्प्रिंगचं काम गाडीचं वजन पेलणं आणि धक्का पोटात घेणं. घेतलेला धक्का ती परत देणारच, तो तिचा स्वभाव आहे. तो परत येऊ न देता जिरवायचं काम शॉकअपचं. त्याच्या आत तेल असतं, दट्ट्या त्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो, आणि धक्क्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. शॉकअप ही सरांची बादली. मी स्प्रिंग जोरकस केली आणि बादली नऊ वर्षांची, अर्धी रिकामी, तशीच ठेवली.

आता थोडं गणित, घाबरू नका. गाडीच्या वजनाने स्प्रिंग १६ सेंटीमीटर दबत असेल, तर गाडीचा स्वाभाविक झोका सेकंदाला सुमारे सव्वा वेळा होतो. सव्वासहा सेंटीमीटरच दबत असेल, तर दोनदा. आरामशीर प्रवासी गाडीचा झोका साधारण १ ते दीड असतो. आपल्या चालण्याच्या लयीहून थोडा सावकाश, म्हणून शरीराला तो ओळखीचा वाटतो. पण बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्याला सगळ्यात हळवा असतो. स्प्रिंग जितकी कडक, शॉकअप जितका थकलेला आणि टायर जितका पातळ, तितके हे बारीक हादरे सीटपर्यंत जास्त पोचतात. म्हणजे मी नेमका आईच्या मणक्याच्या दुखण्याचाच पट्टा मोकळा करून दिला होता.

मऊपणा म्हणजे कमकुवतपणा, हा आपला गैरसमज आहे. फ्रान्समध्ये १९४८ साली सित्रोएनची २सीव्ही ही गाडी आली. ती शेतकऱ्यांसाठी होती. आखताना अट अशी होती की, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडं फुटता कामा नये. त्यांनी ती कडक केली नाही. चाकाला वरखाली व्हायला भरपूर जागा दिली आणि मऊ स्प्रिंग दिली. आपला रस्ता नांगरलेल्या शेताहून फार वेगळा नाही, आणि प्रत्येकाच्या घरी एक अंड्यांची टोपली आहेच.

मग आम्ही काय केलं, ते क्रमाने सांगते, कारण तुम्हाला उपयोगी पडेल ते हेच.

पहिलं, मोठी चाकं काढून कंपनीच्या मापाची परत घातली. टायरमधली हवा हा गाडीतला सगळ्यात स्वस्त स्प्रिंग आहे. हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे, गाडी थंड असताना भरायची. पंपावरचा मुलगा सांगेल ती नाही.

दुसरं, रबरी बफर काढले. बफरमुळे काही वेटोळी दबेनाशी होतात आणि उरलेल्यांवर सगळा भार येतो. मूळ ताकदीच्याच, पण नव्या स्प्रिंग घातल्या. जुन्या खरंच खाली बसल्या होत्या. म्हणजे गाडी घासायचं कारण स्प्रिंग मऊ असणं नव्हतं, थकलेली असणं होतं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, चारही शॉकअप नवे, एक पायरी वरच्या दर्जाचे, पण त्याच स्प्रिंगला जुळणारे. शॉकअप जोडीने बदलायचे, एक कधीच नाही. त्यांच्यासोबत वरचे माउंट आणि बंप स्टॉपही नवे घ्यायचे. खरा अपग्रेड हाच.

चौथं, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड. बुश बसवताना आपल्या मित्राने एक गोष्ट केली, जी मला पदवीत कोणी शिकवली नव्हती. गाडी जॅकवर असताना त्याने नट हलकेच लावले आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर मगच पूर्ण आवळले. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. तुमच्या गॅरेजला हे जरूर विचारा. शेवटी व्हील अलाइनमेंट.

या क्रमाने गेलात तर कडक स्प्रिंगची गरज बहुतेकांना पडणारच नाही. कायमच ओझं वाहायचं असेल, तर थोडी कडक घ्या, दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे जाऊ नका, आणि तिला पेलणारा शॉकअपही घ्या. गाडीचा मूळ तपशील बदलेल असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, हेही लक्षात असू द्या.

चालवण्याच्याही दोन गोष्टी. स्पीडब्रेकरच्या आधी ब्रेक लावा, पण चढण्याच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं आणि पुढच्या स्प्रिंगची जागा आधीच संपते. आणि पाठीचं दुखणं असलेल्या माणसाला मागे नको, पुढे बसवा. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असते. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून शाळेत आलेल्यांना हे सांगायला नको!

राहिला आमच्या गेटवरचा स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा. आमचा जेमतेम एक फूट रुंद होता. तो स्पीडब्रेकर नव्हे, ओटा होता. त्यावर जगातलं कुठलंच जंपिंग चाललं नसतं. मी सोसायटीच्या सभेत टेप घेऊन गेले. दोन सभा वाद झाला, "मग पोरं सुसाट गाड्या नेतील," असं एक काका म्हणाले. शेवटी तो फोडून रुंद उताराचा केला. ज्या काकांनी विरोध केला होता, त्यांच्या घरीच पुढे रुग्णवाहिका आली, तेव्हा तेच मला म्हणाले, "बरं झालं."

आई पुन्हा गाडीत बसायला तयार नव्हती. कारण सांगितलं नाही. म्हणाली, घरी मांजर एकटी आहे. मांजर शेजारणीकडे दिली, तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि निघालो. रस्ता तोच, खड्डे तेच. गोधडी तिने मांडीवर घेतली होती. इंदापूर गेलं, कोलाड गेलं, मी काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर "बरं आहे" म्हणाली असती. नागोठण्याच्या पुढे पाहिलं, तर तिची मान एका बाजूला कलली होती. ती झोपली होती. पेणजवळ जागी झाली आणि म्हणाली, "वडखळ आलं का गं?"

मित्रांनो, आपल्या वयाला आता गाडी आपण चालवतो आणि आईवडील शेजारी बसतात. पूर्वी ते चालवत होते आणि आपण झोपत होतो. ते तक्रार करणार नाहीत. म्हणून "लागतंय का?" या प्रश्नाच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. त्यांनी दांडा धरलाय का, ते बघा.

आज आई मागून तिसऱ्या रांगेत बसली आहे. भाषण लांबलं की ती पदर सारखा करते, आणि तिने तो मघाशी केला आहे. म्हणून थांबते. जेवणानंतर आपला तो मित्र मैदानात हवा मोजायचा गेज घेऊन उभा राहणार आहे. परत जाण्याआधी प्रत्येकाने आपली गाडी त्याला दाखवावी, चारही कोपरे दाबून घ्यावेत. पैसे घेणार नाही म्हणतो. चहा मात्र द्या.