रेडिओ बंद केल्यानंतरची चर्चा

कार्यक्रम किती जणांनी ऐकला याची मोजदाद आवर्जून केली जाते. परंतु रेडिओ बंद केल्यावर ऐकणारी माणसे तेथेच बसून एकमेकांशी काय बोलली, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न नियोजनाच्या बैठकीत क्वचितच निघतो. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राच्या परिसरातील ५ जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोतामंडळांचा, म्हणजे एकत्र बसून ऐकणाऱ्या व ऐकलेल्यावर चर्चा करणाऱ्या गावकऱ्यांच्या गटांचा, जो प्रयोग केला, त्याचा भर नेमका याच प्रश्नावर होता. कॅनडातील शेतकरी श्रोतामंडळांच्या धर्तीवर प्रत्येक मंडळात सुमारे २० सभासद घेण्यात आले, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाल्यावर चर्चा होई आणि तिचा वृत्तांत व उरलेल्या शंका मंडळाचा निमंत्रक लिहून केंद्राकडे पाठवी. त्यांची उत्तरे पुढील प्रसारणांत दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीत मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती त्या मानाने फारच थोडी होती.

हा फरक दह्याच्या उदाहरणाने समजेल. विरजणाशिवाय दही लागत नाही हे खरे, पण विरजण म्हणजे दही नव्हे. दूध कोमट असावे लागते आणि विरजण लावल्यावर भांडे झाकून, न हलवता ठेवावे लागते. कार्यक्रम हे विरजण, आणि दुधाची ऊब राखण्याचे काम निमंत्रकाचे. आजचे नियोजक मात्र तासातासाला नवे विरजण घालून भांडे ढवळतात आणि दही लागले नाही की दुधालाच नावे ठेवतात!

श्रोत्याने फोन करून निवेदकाशी दोन वाक्ये बोलणे म्हणजे समाजसंवाद नव्हे, कारण त्यात शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही. संवाद श्रोत्याश्रोत्यांत व्हावा लागतो, ही गोष्ट पुन्हा सांगणे भाग आहे. १९५९ पासून श्रोतामंडळांची ही योजना देशभर नेण्यात आली, पण पुढे ती का ओसरली, किंवा म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी सामुदायिक केंद्रे, म्हणजे त्या त्या परिसरातील लोकांसाठी स्थानिक संस्थांनी चालवलेली केंद्रे, अशा संवादाची उणीव कितपत भरून काढतात, याचा विचार येथे थोडक्यात बसणारा नाही. मंडळांतील स्त्रियांच्या सहभागाचा प्रश्न तर याहून मोठा आहे. तूर्त केंद्रांनी चर्चेच्या कार्यक्रमापाठोपाठ लगेच दुसरा बोलका कार्यक्रम लावू नये आणि श्रोत्यांच्या शंकांना कोणत्या वारी उत्तर मिळेल हे आधीच जाहीर करावे, एवढे झाले तरी पुष्कळ.